तेवीस सेकंदांचं भांडण

२६ एप्रिल १९४९. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं एक छोटं गाव. सकाळचे सात वाजलेत. सात वर्षांचा एक मुलगा अर्धवट झोपेतच उठून बसतो, एक मोजा उचलतो आणि डाव्या पायात चढवायची खटपट करू लागतो. खोलीत एक पाहुणा हजर आहे. तो हे सगळं लिहून घेतोय: मोजा कोणत्या पायात, ओढाताण कशी चालली आहे, शेजारी उभी असलेली आई थट्टेत काय म्हणाली. काही वेळाने दुसरा निरीक्षक येऊन त्याची जागा घेतो, मग तिसरा. असे आठ जण आळीपाळीने त्या मुलामागे घरी, रस्त्यावर, वर्गात, मैदानावर फिरतात आणि रात्री साडेआठच्या सुमारास, तो झोपायला गेल्यावरच थांबतात. १९५१ साली या नोंदी 'वन बॉइज डे' या पुस्तकात छापल्या गेल्या. एका मुलाच्या एका दिवसाला चारशेहून जास्त पानं लागली. पुस्तकात त्या मुलाला 'रेमंड' असं टोपणनाव दिलं आहे.

रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट हे या पुस्तकाचे कर्ते. त्यात सिद्धान्त मांडलेला नाही, रेमंडच्या स्वभावाचं विश्लेषण नाही, बुद्ध्यंक नाही. मुलाने काय केलं, काय म्हटलं, कोणाकडे पाहिलं, एवढंच मिनिटामिनिटाने येत राहतं. पहिली काही पानं कंटाळवाणी वाटतील. पण थोडं पुढे गेलं की जाणवतं, कोणत्याही मुलाचा अख्खा दिवस आपण असा कधी पाहिलेलाच नाही. त्याच्या आईवडिलांनीही पाहिलेला नसतो, कारण ते स्वयंपाकघरात असतात, कामावर असतात आणि मूल शाळेत असतं.

बार्कर या वाटेला लागले त्याच्या मुळाशी त्यांचाच एक गाजलेला प्रयोग होता. कुर्ट लेविन आणि तमारा डेम्बो यांच्यासोबत त्यांनी आयोवात बालवाडीच्या वयाच्या मुलांवर तो केला आणि १९४१ साली प्रसिद्ध केला. मुलं आधी साध्या खेळण्यांशी खेळली. मग एक आडोसा बाजूला झाला आणि पलीकडे फार सुंदर खेळणी दिसली. मुलांना तिथे थोडा वेळ खेळू दिलं आणि मग परत अलीकडे आणून मध्ये तारेची जाळी लावून टाकली. खेळणी दिसतात, पण हाताला येत नाहीत. या निराशेनंतर बहुतेक मुलांचा साध्या खेळण्यांशी चाललेला खेळ खालावला, वयाने लहान मूल खेळेल तसा झाला. निराशा माणसाला मागे ढकलते, हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

पण अशी निराशा मुलाच्या रोजच्या आयुष्यात दिवसातून किती वेळा येते? जाळी लावणारा प्रयोगकर्ता आसपास नसतो तेव्हा मूल तिचं काय करतं? याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. कोणता धातू निसर्गात कुठे आणि किती सापडतो हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात मिळतं. रागाबद्दल, भीतीबद्दल, मदतीबद्दल मानसशास्त्राकडे अशी साधी माहितीसुद्धा नव्हती. म्हणून बार्कर आणि राइट यांनी १९४७ साली रेमंडच्याच गावात, कॅन्ससमधल्या ओस्कालूसात, संशोधन केंद्र उघडलं. वस्ती सातशेच्या आसपास. बार्कर कुटुंब तिथेच राहायला गेलं. पुढे पंचवीस वर्षं हे केंद्र चाललं. तिथल्या नोंदी क्लिफर्ड फॉल यांनी नंतर चाळल्या तेव्हा रोजच्या आयुष्यात निराशेचे प्रसंग अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले, आणि जे होते त्यांच्यानंतर प्रयोगशाळेत दिसलेली घसरण ठरल्यासारखी येत नव्हती. मूल अडथळ्याला वळसा घालत होतं, दुसरं काहीतरी शोधत होतं, निघून जात होतं. प्रयोगाच्या खोलीत निघून जायला वाटच ठेवलेली नव्हती.

निरीक्षणपद्धतीची ओळख करून देताना पाठ्यपुस्तकं बहुतेकदा तिला प्रयोगाची धाकटी बहीण ठरवतात: प्रयोग कारण सांगतो, निरीक्षण फक्त वर्णन करतं. मला हे मांडणं अपुरं वाटतं. कारण शोधण्याआधी ती गोष्ट जगात आहे का, किती आहे, कुठे आहे, हे कळायला हवं, आणि ते कळायला पाहण्याशिवाय मार्ग नाही.

ओस्कालूसात आणखी एक गोष्ट हळूहळू पुढे आली. एकाच मुलाचं वागणं गणिताच्या तासाला एक, औषधांच्या दुकानात दुसरं आणि मैदानावर तिसरंच असे; पण त्या दुकानात शिरलेली निरनिराळी मुलं मात्र बरीचशी सारखी वागत. मूल आत्ता काय करत असेल याचा अंदाज त्याच्या स्वभावापेक्षा ते कुठे आहे यावरून जास्त चांगला बांधता येत होता. साधारण त्याच काळात, १९५०च्या दशकाच्या मध्यावर, जॉन आणि बिआट्रिस व्हाइटिंग यांच्या सहा संस्कृतींच्या अभ्यासातही याच्याशी मिळतंजुळतं काही दिसलं. सहांपैकी एक जागा भारतातली होती, उत्तर प्रदेशातलं खलापूर, आणि तिथल्या राजपूत कुटुंबांमध्ये ली मिंटर्न आणि जॉन हिचकॉक यांनी काम केलं. सगळ्या गावांत मुलांची पाच-पाच मिनिटांची निरीक्षणं घेतली गेली. ज्या मुलांच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, त्यांचं वागणं जास्त मायेचं आणि जबाबदारीचं होतं. 'ही मुलगी मुळातच मायाळू' असं आपण सहज म्हणून जातो. तिच्या कडेवर दिवसातले किती तास बाळ असतं, ते कोणी मोजत नाही.

आता अडचणीकडे येऊ. एका मुलाच्या एका दिवसाला आठ निरीक्षक लागत असतील, तर चाळीस मुलांचा अभ्यास करायचा कसा? काहीतरी सोडावंच लागतं. निरीक्षणाच्या सगळ्या तंत्रांमागे खरा निर्णय हाच असतो: सोडायचं काय?

मिल्ड्रेड पार्टेन यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीत १९२६-२७ साली वेळेचे तुकडे निवडले. मोकळ्या खेळाच्या वेळी एका मुलाकडे नेमकं एक मिनिट पाहायचं, ते कोणासोबत कसं खेळतंय ते नोंदायचं आणि पुढच्या मुलाकडे वळायचं. दर दिवशी मुलांचा क्रम बदलायचा, म्हणजे एखादं मूल नेहमी खेळ रंगल्यावरच किंवा सगळे कंटाळल्यावरच नजरेखाली येणार नाही. असं महिनोन्‌महिने केल्यावर प्रत्येक मुलाची अशी कितीतरी मिनिटं जमली. याला कालनमुना पद्धत म्हणतात. त्यातून एकट्याचा खेळ, दुसऱ्याच्या शेजारी बसून पण आपापला चाललेला समांतर खेळ, आणि खरोखर मिळून खेळलेला खेळ असे प्रकार वेगळे झाले. वय वाढतं तसा समांतर खेळ कमी होतो आणि सहकार्याचा वाढतो, हे १९३२ साली प्रसिद्ध झालं. आजही बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणात ते शिकवलं जातं.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शित सांगतं ते भात शिजला की नाही, एवढंच. आधी पाणी उकळलं की आधी तांदूळ टाकले, हे त्यावरून कळत नाही. पार्टेन यांच्या सुट्या मिनिटांमधून क्रम निसटला होता. १९८० साली रॉजर बेकमन आणि जॉन ब्राउनली यांनी तीन वर्षांच्या मुलांचं चित्रण पंधरा-पंधरा सेकंदांच्या सलग तुकड्यांत तपासलं तेव्हा समांतर खेळाचं वेगळंच रूप दिसलं. मूल दुसऱ्यांच्या जवळ येऊन आपलं आपलं खेळू लागायचं आणि थोड्याच वेळात त्या गटात मिसळून जायचं. तो खेळ मागे टाकायची पायरी नव्हती. 'मला घ्या' असं न म्हणता आत शिरण्याची ती रीत होती. अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या कडेला नवं मूल कसं घुटमळतं ते ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच पटेल. पार्टेन यांचं मिनिट चुकीचं नव्हतं. त्या मिनिटाच्या आधी आणि नंतर काय झालं, ते त्यांच्या तंत्रात येऊच शकत नव्हतं.

हेलन डॉ यांनी नेमकं उलट केलं. त्यांना भांडणं हवी होती, आणि भांडण काही ठरलेल्या मिनिटाला होत नाही. म्हणून त्या १९३१च्या हिवाळ्यात बालवाडीच्या मोकळ्या खेळात हजर राहिल्या आणि वाट पाहिली. भांडण सुरू झालं की हातातलं स्टॉपवॉच सुरू. कशावरून पेटलं, कोण काय म्हणालं, कोणी कोणाला ढकललं, कसं मिटलं आणि मिटल्यावर मुलं कशी होती, सगळं तिथल्या तिथे लिहायचं. अशी २०० भांडणं जमली. ही घटनानमुना पद्धत, आणि १९३४ साली छापलेला त्यांचा लेख आजही वाचावा असा आहे. भांडण सरासरी तेवीस सेकंद चाललं. मैदानावरचं खोलीतल्यापेक्षा लवकर संपायचं. सर्वांत जास्त भांडणं कोणत्या ना कोणत्या वस्तूवरून होती. बहुतेक मुलांनी आपापसातच मिटवली, आणि मिटल्यावर मुलं बहुतेकदा पुन्हा हसतीखेळती झाली, मनात अढी राहिली नाही.

तेवीस सेकंद म्हणजे मोठं माणूस 'काय चाललंय रे तिकडे?' म्हणत उठून पोचेपर्यंतचा वेळ. म्हणजे आपण सोडवलेल्या कितीतरी भांडणांमध्ये आपण पोचलो नसतो तरी चाललं असतं. हे आईवडिलांना विचारून कधीच कळलं नसतं, कारण आठवणीत राहतात ती मोठी, रडून गोंधळ घातलेली भांडणं. मिटलेली कोणाच्या ध्यानात राहत नाहीत.

पण भांडण कशाला म्हणायचं? इथे निरीक्षणाचा सर्वांत अवघड भाग सुरू होतो. मुलांबद्दल बोलताना आपल्या तोंडी विशेषणं तयारच असतात: हट्टी, वात्रट, लाजरा, मस्तीखोर, शहाणा. प्रगतिपुस्तकात ती आयुष्यभर चिकटतात. निरीक्षकाला प्रशिक्षणात पहिल्यांदा ही विशेषणं बाजूला ठेवायला शिकवतात. 'चिन्मयने रागावून डबा फेकला' ही नोंद नव्हे. 'चिन्मयने डबा दोन्ही हातांनी उचलला, खांद्यापर्यंत नेला आणि सोडला; डबा टेबलाच्या कडेला लागून खाली पडला; चिन्मयने बाईंकडे पाहिलं' ही नोंद. पहिल्या वाक्यात राग आहे. दुसऱ्यात कदाचित रागच आहे, कदाचित डबा जड होता, कदाचित बाईंचं लक्ष हवं होतं. राग होता हे खरंही असेल, पण ते नंतर, इतर पुराव्यानिशी ठरवायचं. नोंद करतानाच ठरवून टाकलं की पुढच्या माणसाला तपासायला काहीच उरत नाही.

अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१च्या बाहुलीच्या प्रयोगात हे काम किती बारकाईने केलं होतं ते सहसा सांगितलं जात नाही. मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला मारताना पाहिलेली मुलंही तिला मारतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. प्रत्यक्षात ७२ मुलांपैकी प्रत्येकाला शेवटच्या खोलीत २० मिनिटं एका बाजूने दिसणाऱ्या काचेतून पाहिलं गेलं आणि ती वीस मिनिटं पाच-पाच सेकंदांत तोडली गेली. म्हणजे एका मुलाचे २४० तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात कोणती कृती झाली, त्याची आधीच ठरवलेल्या प्रकारांत नोंद.

दोन निरीक्षकांनी एकच मूल पाहिलं तर नोंदी जुळल्या पाहिजेत. ९१ टक्के जुळल्या, असं वाचलं की आपण निर्धास्त होतो. तसं होऊ नये. समजा १०० तुकड्यांपैकी मारामारी जेमतेम १० मध्ये असते, आणि दोन्ही निरीक्षक डोळे मिटून, अंदाजाने, प्रत्येकी १० ठिकाणी 'हो' आणि ९० ठिकाणी 'नाही' लिहितात. दोघांचं 'नाही' निव्वळ योगायोगाने साधारण ८१ ठिकाणी जुळेल आणि 'हो' एका ठिकाणी. काहीही न पाहता ८२ टक्के सहमती. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचवलेला कप्पा हा आकडा योगायोगाचा हा वाटा वजा करतो. योगायोगापलीकडे जुळायला १८ टक्क्यांची जागा होती, त्यातल्या ९ टक्के जुळल्या, कप्पा ०.५. ९१ टक्क्यांचा रुबाब निम्म्यावर येतो. आणि सहमती एकदा मिळाली म्हणजे ती टिकते असंही नाही. जॉन रीड यांनी १९७० साली दाखवलं की आपल्या नोंदी आता कोणी तपासत नाही असं वाटलं की प्रशिक्षित निरीक्षकांची अचूकताही झपाट्याने घसरते. पाहणाऱ्यावरही कोणाची तरी नजर असावी लागते.

मेरी एन्सवर्थ यांचं काम मला या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत सुंदर वाटतं, आणि सर्वांत जास्त अर्धवट वाचलं गेलेलंही. १९५०च्या दशकात त्यांनी युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांमधून आई आणि बाळांना घरी जाऊन पाहिलं. मग बाल्टिमोरमध्ये २६ कुटुंबं घेतली. बाळ तीन आठवड्यांचं असल्यापासून ५४ आठवड्यांचं होईपर्यंत साधारण दर तीन आठवड्यांनी एक भेट, प्रत्येक भेट सुमारे चार तासांची. एका घरामागे ७२ तासांच्या आसपास. बाळ रडलं तर आई किती वेळाने आली, उचललं तर कसं धरलं, दूध पाजताना बाळ थांबलं तर आई थांबली का, हे सगळं लिहिलेलं.

वर्षाच्या शेवटी त्यांनी सुमारे वीस मिनिटांचा एक प्रसंग रचला. अनोळखी खोली, खेळणी, आई आणि बाळ. अनोळखी बाई येते, आई बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते. युगांडातली बाळं आई दूर गेली की लगेच अस्वस्थ होत. बाल्टिमोरच्या घरांमध्ये ते तितकं दिसत नव्हतं, म्हणून हा परका प्रसंग. सगळ्यांना वाटेल की पाहायचं ते आई गेल्यावरचं रडणं. पण खरी माहिती दिली ती आई परत आल्यावरच्या काही सेकंदांनी. बहुतेक बाळं आईकडे गेली, बिलगली, शांत झाली आणि खेळायला लागली. काही बिलगलीही आणि चिडून ढकलतही राहिली. आणि काही बाळांनी आई दारातून आत आल्यावर तिच्याकडे पाहून मान फिरवली आणि हातातल्या खेळण्याकडे वळली.

ही शेवटची बाळं डोळ्याला शांत दिसतात. कोणीही म्हणेल, किती समंजस, किती स्वावलंबी. एन्सवर्थ तसं म्हणाल्या नाहीत, कारण त्यांच्याकडे ते ७२ तास होते. याच बाळांच्या घरी बाळ जवळ यायला धडपडत असताना त्याला अंगाशी घेण्याची नावड आईच्या वागण्यात पुन्हा पुन्हा नोंदली गेली होती. पुढे १९७७ साली अॅलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा शांत दिसणाऱ्या बाळांचे हृदयाचे ठोके वाढलेले असतात हे दाखवलं. डोळ्यांनी दिसलेली शांतता खरी नव्हती.

नंतर जगभर त्या वीस मिनिटांचीच पद्धत पसरली, कारण ती सोयीची होती. घरभेटींचे तास गळून पडले. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. जपानमध्ये साप्पोरोला केइको ताकाहाशी यांनी तोच प्रसंग केला तेव्हा मान फिरवणारी बाळं जवळपास नव्हतीच, आणि चिडून रडणारी बरीच होती. वीस मिनिटंच पाहणाऱ्याने जपानी आयांविषयी काहीतरी ठरवून टाकलं असतं. ताकाहाशी यांनी तिथल्या घरांकडे लक्ष वेधलं. त्या बाळांना पहिल्या वर्षात एकटं ठेवलं जाणं जवळजवळ माहीतच नव्हतं. ज्या क्षणाला बाल्टिमोरमध्ये थोडी काळजी वाटायची, तिथे साप्पोरोत थेट घबराट उडत होती. जर्मनीत बीलेफेल्ड इथे क्लाउस आणि कारीन ग्रोसमन यांना उलटं दिसलं. तिथे मान फिरवणारी बाळं अर्ध्याच्या आसपास होती. पण ग्रोसमन यांनी घरभेटीही केल्या होत्या, त्यामुळे ते घाईने निकालावर आले नाहीत. मुलाने लवकर स्वतःच्या पायावर उभं राहावं, ही तिथल्या घरांची रीतच होती.

२००७ साली रॉय बाउमाइस्टर, कॅथलीन वोस आणि डेव्हिड फंडर यांनी एका लेखात आपल्याच शास्त्राबद्दल तक्रार मांडली: मानसशास्त्रज्ञ आता माणसांना पाहत नाहीत. प्रश्नावलीवर खुणा करून घेतात, संगणकाची बटणं दाबायला लावतात. तक्रार खरी होती, पण त्याच वर्षी माथियास मेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहण्याऐवजी ऐकण्याचा एक मार्ग वापरून दाखवला. अंगावर बाळगायचं छोटं ध्वनिमुद्रक यंत्र दर साडेबारा मिनिटांनी ३० सेकंद आपोआप सुरू होतं. ते कधी चालू आहे हे वागवणाऱ्याला कळत नाही. पण नंतर आपलं मुद्रण ऐकून नको तो भाग पुसून टाकायचा हक्क त्याला असतो. मुद्रणात सहभागी होणाऱ्याला हा हक्क देणं मला पद्धतीइतकंच महत्त्वाचं वाटतं. पाहणाऱ्या माणसाला खोलीत शिरावं लागतं, त्यासाठी परवानगी लागते. यंत्राला खोलीत शिरताना कोणी पाहत नाही.

त्यावेळी एक आकडा जगभर फिरत होता: बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात, पुरुष ७,०००. त्यामागची मूळ मोजणी शोधणाऱ्यांना ती कुठेच सापडली नव्हती. मेल यांनी ३९६ विद्यार्थ्यांची मुद्रणं मोजली. स्त्रिया १६,२१५, पुरुष १५,६६९, म्हणजे फरक नाही म्हणावा इतका. २०२५ साली चार देशांतल्या २,१९७ लोकांवर, पौगंडावस्थेपासून म्हातारपणापर्यंत, ही मोजणी पुन्हा झाली. सगळ्यांचेच शब्द आधीपेक्षा कमी झालेले निघाले. २५ ते ६४ या वयात मात्र स्त्रिया पुरुषांपेक्षा दिवसाला सुमारे तीन हजार शब्द जास्त बोलत होत्या, बाकीच्या वयांत असा ठळक फरक नव्हता. ही वर्षं मुलं वाढवण्याची असतात, म्हणून फरक तिथून येत असावा असा संशोधकांचा अंदाज आहे. तो तपासायचा तर हे शब्द कोणाशी बोलले गेले, ते पुढच्या मुद्रणांमध्ये नोंदावं लागेल.